सहापैकी किती

मावशीच्या दवाखान्यातल्या टाकीत सहा लोच होते आणि तीन आठवड्यांत त्यांतला एकही कुणा पेशंटच्या नजरेला पडला नव्हता.

लोच हे तळाशी राहणारे मासे. आमचे सहाही बोटभर लांब, पेन्सिलीहून बारीक, पिवळ्या अंगावर तपकिरी पट्टे आणि तोंडाशी इवल्याशा मिशा. निवड माझीच. मावशी दातांची डॉक्टर. आतल्या ड्रिलच्या आवाजानं बाहेर बसलेल्यांचे हातपाय गार पडतात, म्हणून तिनं बाहेरच्या खोलीत टाकी ठेवायचं ठरवलं. कुठले मासे घ्यायचे हे तिनं प्राणिशास्त्राची पदवी घेऊन घरी बसलेल्या भाचीला विचारलं. दुकानात हे सहा जण मोठ्या माशांच्या टाकीत होते. तळाला वाळू नाही, आडोसा नाही. उघड्या काचेवर एका कोपऱ्यात एकमेकांत गुंतून पडलेले. मी म्हटलं, हेच.

आता पेशंट टाकीपुढे वाकून विचारायचे, मासे कधी आणणार? एका आजोबांनी तर मावशीला धीर दिला. म्हणाले, जातात मासे, मनाला लावून घेऊ नका.

बुधवारी मावशीनं निकाल लावला. सोमवारी अकराला दुकानदार येईल, हे सहा परत नेईल आणि चार गोल्डफिश सोडेल. "अगं, लोकांची भीती जावी म्हणून टाकी घेतली," ती म्हणाली, "तर दवाखान्यात सगळ्यात भित्रे टाकीतलेच."

परत म्हणजे त्याच उघड्या काचेवर. माझ्या हातात चार दिवस होते.

तोवर मी काही हातावर हात ठेवून बसले नव्हते. माझी वही होती. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, दर तासाला नोंद: पाण्याचं तापमान, दिवा चालू की बंद, ड्रिल चालू की बंद, सहापैकी किती बाहेर. मग त्यांना लपायला पालथी ठेवलेली नारळाची करवंटी उचलून आतले मोजायचे, कारण न दिसणारा मासा जिवंत आहे असं नुसतं गृहीत कसं धरायचं? करवंटी एकच होती. बाकीचे दगड आणि झाडं मी पहिल्याच आठवड्यात काढून टाकली होती. लपायला जागा कमी, तर दिसण्याची शक्यता जास्त. मला हे गणित फारच सोपं वाटलं होतं.

गुरुवारी सगळी पानं काउंटरवर पसरून बसले. माझा संशय ड्रिलवर होता. पण ड्रिल चालू असताना शून्य आणि बंद असतानाही शून्य. दिवा मालवला तरी शून्य. पानंच्या पानं शून्यं. त्यांत तीनच आकडे वेगळे होते: दोन, तीन, तीन. योगायोग म्हणून मी ते सोडून दिले होते. आता तारखा पाहिल्या आणि ताठ बसले. तिन्ही आकडे सोमवारचे होते, सकाळी नऊचे, दिवसातली पहिली नोंद.

काउंटरवर अपॉइंटमेंट देणाऱ्या काकूंना मी ते दाखवलं. रविवारी दवाखाना बंद असतो, हे मलाही कळत होतं. पण शनिवारी दुपारी पेशंट नसले तरी आकडा शून्यच यायचा. मग रविवारी असं वेगळं काय होतं?

काकूंनी चष्मा नाकावर सरकवला. "रविवारी तू त्यांचं छप्पर उचलत नाहीस," त्या म्हणाल्या.

मी वहीतले एका दिवसाचे रकाने मोजले. दिवसाला दहा वेळा. दर तासाला घराचं छप्पर उडत असेल तर अंगणात शतपावलीला कोण निघेल? त्यात बाकीची घरं मी आधीच पाडलेली. वहीतली ती सगळी शून्यं माशांची नव्हतीच, माझी होती.

मला इतका आनंद झाला की काकूंनी मला पाणी आणून दिलं.

संध्याकाळपर्यंत टाकीत चार करवंट्या होत्या. काढून टाकलेले दगड आणि झाडं परत आली. प्लंबरकडून आणलेल्या नळाच्या तुकड्यांच्या कडा मी घासून गुळगुळीत केल्या आणि ते वाळूत अर्धे पुरले. वर तरंगती पानं सोडली, दिव्याला बटर पेपर चिकटवला. मावशीनं आत डोकावून पाहिलं. बाहेर यावेत म्हणून लपायची सोय वाढवायची, हे म्हणजे झोपाळू माणसाला जागं करायला आणखी चार उशा देण्यासारखं आहे, असं म्हणून ती हातमोजे चढवत आत गेली. सोमवार मात्र तिनं बदलला नाही.

काकूंनी माझी वही जप्त केली. यापुढे नोंद त्या करणार, जागेवरून न उठता. आणि मी टाकीकडे पाठ करून बसायचं. मी बघायला लागले की माझा हात करवंटीकडे जातोच, असं त्यांचं निरीक्षण होतं. ते बरोबर होतं.

शुक्रवार: शून्य. शनिवारी चार वाजता काकूंनी लिहिलं, "एक. फक्त तोंड." रविवारी मी दोनदा चपला घातल्या आणि दोनदा काढल्या.

सोमवारी नऊला चार. पण सोमवारच्या नऊचा आकडा पुरावा नव्हता. खरी परीक्षा गर्दीत होती. साडेनऊला पहिला पेशंट आला आणि काकूंनी मान हलवली. शून्य. दहालाही शून्य.

पावणेअकराला दुकानदार आला. हातात जाळी आणि पाण्यानं फुगलेली पिशवी, पिशवीत चार गोल्डफिश. मावशी आत कामात होती, म्हणून तो बाकावर बसला. त्याच्या शेजारी गणिताच्या निवृत्त शिक्षिका होत्या. इंजेक्शन देऊन झालेलं, गाल बधिर, बोलता येत नव्हतं. माझं तोंड त्यांच्याकडे, पाठ टाकीकडे. आत ड्रिल सुरू झालं आणि मी डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा बाईंनी एक बोट वर केलेलं होतं.

मला वाटलं, त्यांना काहीतरी हवंय. मग दुसरं बोट वर गेलं. त्या माझ्या खांद्यावरून मागे बघत होत्या. तिसरं. दुकानदारानं पिशवी हळूच बाकावर टेकवली. चौथं आणि पाचवं एकदमच. ड्रिल किंचाळत होतं, आणि बाईंनी, कडक शिस्तीत, दुसऱ्या हाताचा अंगठा वर केला.

"हे माझ्याकडचेच का?" दुकानदार कुजबुजला.

ड्रिल थांबलं. मावशी दारात आली, तिनं टाकीकडे पाहिलं. मग आत जाऊन ट्रेमधला स्वच्छ आरसा घेऊन आली, लांब दांड्याचा, नाण्याएवढा, दाढांच्या मागे बघायचा. तिनं तो माझ्या हातात दिला.

"वळू नकोस," ती म्हणाली. "यात बघ."

मी आरसा डोळ्यांपुढे धरून तिरपा केला. आधी छत दिसलं, मग काकूंचा कान. मग वाळू, आणि वाळूवरून निवांत वळवळत निघालेला एक पिवळा पट्टेरी मासा, त्याच्या पाठोपाठ दुसरा. सहा जण एकदम आरशात मावत नव्हते. मी एकेक करून मोजले.

मावशीनं दुकानदाराला सांगितलं की गोल्डफिश छान आहेत, पण आमच्याकडे जागा भरली आहे. तो तरीही उठला नाही. त्याच्याकडे तसलेच आणखी दहा जण आहेत, म्हणाला, आणि ते नळाचे तुकडे किती लांबीचे घ्यायचे?

मागे काकू लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत होत्या. "अकराला पाच कमी. ड्रिल चालू. माणसं चार. बाहेर सहा."