तोंड जुळलं, पोट नाही

मी एक ऑइल फिल्टर बोलतोय. बोलावं की नाही, याचा मी बराच विचार केला. ज्याची नेमणूकच चुकीच्या जागी झाली, त्यानं चार लोकांना शहाणपण सांगावं का, ही शंका अजूनही मनातून गेलेली नाही. पण जे घडलं ते माझ्या पोटात घडलं, आणि पोटातलं ज्याचं त्यालाच ठाऊक. म्हणून सांगतो. कुठे चुकलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्र्याची वाटी दाबून डबा केला, आत चुण्या घातलेला जाड कागद बसवला, त्याखाली स्प्रिंग दिली, वर भोकांची झाकणी ठोकली. झाकणीच्या मधल्या भोकाला आटे पाडले आणि कडेनं काळी रबरी रिंग बसवली. झालं माझं तोंड तयार.

शेजारच्या पट्ट्यावर माझेच भाऊ तयार होत होते. तोच रंग, तीच उंची, तेच आटे. फरक एवढाच, की झाकणी ठोकण्याआधी त्यांच्या पोटात एक मऊ रबराचा पडदा बसवत होते. इंजिन बंद झालं की हा पडदा भोकांवर बसतो आणि आतलं तेल आतच धरून ठेवतो. मला तो दिला नाही. त्यात अन्याय काही नव्हता. माझी नेमणूक साध्या इंजिनासाठी होती. तिथे फिल्टर तोंड वर करून सरळ लटकतो, आणि पेल्यात पाणी राहावं तसं तेल आपसूक आत राहतं. पेल्याला पडदा कशाला हवा?

पण पेला आडवा केला तर?

हा विचार मला तिथे सुचला नाही. सुचला असता तरी मी काय करणार होतो? मला खोक्यात घातलं आणि एका स्पेअर पार्टच्या दुकानात फळीवर ठेवलं.

एक दिवस काउंटरवर एक मेकॅनिक आला. हातात जुना फिल्टर, एका बाहीला कोपरापर्यंत तेल.

"असा द्या," तो म्हणाला. "काढताना मेल्यानं बाही भिजवली."

"गाडी टर्बोची का?" दुकानदारानं विचारलं.

"हो. ताईची आहे."

"टर्बोचा संपलाय हो. दोन-तीन दिवसांत येईल."

मेकॅनिकचा चेहरा उतरला. "उद्या दाजींचं डायलिसिस आहे. घाटापलीकडे न्यायचंय. इंजिनातलं तेल काढून बसलोय मी." त्याची नजर फळीवरून फिरली आणि माझ्यावर थांबली. "तो दाखवा बरं."

"तो साध्या इंजिनाचा."

"दाखवा तर!"

त्यानं मला खोक्यातून काढलं आणि जुन्या फिल्टरच्या तोंडाला माझं तोंड लावलं. त्याची ही पद्धतच होती. तोंडाला तोंड लावायचं, रिंगवर रिंग बसते का ते बघायचं, आटे बोटानं चाचपायचे. गुरूनं शिकवलेलं, आणि त्यावर त्यानं आयुष्यभर गॅरेज चालवलं होतं. रिंग तंतोतंत बसली.

"बघा! जुळ्या भावांसारखे आहेत. कंपन्या उगीच नावं वेगळी छापतात."

"तुम्ही मिस्त्री आहात, तुम्हाला माहीत," दुकानदार म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

त्या जुन्या फिल्टरच्या भोकांतून मला आतला पडदा दिसत होता. वाकून नुसतं एकदा आत बघितलं असतं तर त्या दोघांनाही दिसला असता. पण लगीनघाईत पत्रिका कोण बघतो? ओरडावंसं वाटलं. मग वाटलं, आपणच भितो आहोत. इतकी वर्षं काम केलेला माणूस, तो चुकेल आणि मी पत्र्याचा डबा बरोबर असेन, हे शक्य आहे का?

ताईंच्या गाडीत मला आडवं बसवलं.

पेला आडवा झाला होता. इंजिनाच्या कुशीला, जमिनीशी समांतर, आडवा मी. मेकॅनिकनं रिंगला तेल लावलं, हातानं घट्ट पिळलं, गाडी सुरू करून खाली वाकून बघितलं. गळती नाही. त्यानं कपड्यानं माझी पाठ पुसली आणि थोपटली. इतक्या मायेनं चुकीच्या जागी बसवलेला मी एकटाच असेन.

माझ्या वरच्या अंगाला टर्बो होता. त्याच्याविषयी थोडं सांगायला हवं. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तापलेल्या धुरावर तो फिरतो आणि इंजिनात हवा कोंबतो, म्हणून लहानसं इंजिनही घाट चढतं. मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो. एवढा वेगवान गडी, पण त्याचा दांडा टेकलेला असतो कशावर, तर तेलाच्या पातळशा थरावर. तो थर आहे तोवर राजा. थर नसेल तर लोखंड लोखंडाला खातं. आणि ते तेल त्याला माझ्या पोटातून मिळायचं.

पहिल्याच रात्री माझ्यातलं तेल हळूहळू उतरून खाली इंजिनाच्या तळाशी असलेल्या चेंबरमध्ये गेलं. मी रोखायचा प्रयत्न केला, असं म्हणणं खोटं ठरेल. रोखायला माझ्याकडे काही नव्हतंच. सकाळी ताईंनी किल्ली फिरवली. पंपानं तेल उचललं, पण आधी माझं रिकामं पोट भरायला लागलं आणि तोवर टर्बो कोरडा फिरला.

"तेल!" तो किंचाळला. "अरे, तेल कुठंय?"

"आलं, आलं," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

क्षणभराचाच खेळ. मग तेल पोचलं, तो शांत झाला, गाडी निघाली. मनाची समजूत घातली, की एवढ्यानं काही होत नाही. दुसऱ्या सकाळी तेच झालं. तिसऱ्या सकाळीही तेच.

ताई आणि दाजींना मी आवाजावरूनच ओळखायचो. दाजी पूर्वी बसचे कंडक्टर होते. मूत्रपिंडांनी संप केला तरी त्यांच्यातला कंडक्टर काही निवृत्त झाला नव्हता. मागच्या सीटवर बसले की म्हणायचे, "चला, आत सरका, मधे उभं राहू नका." ताई म्हणायच्या, "मागे तुम्ही एकटेच आहात." त्यावर दाजी, "म्हणूनच गर्दी कमी वाटतेय." जाताना हे असं. येताना मात्र ते बोलायचे नाहीत. यंत्रानं रक्त धुऊन काढलेला माणूस पिळलेल्या कपड्यासारखा होतो, असं ताई एकदा फोनवर कुणाला तरी म्हणाल्या होत्या. एक खेप चुकली तर अंगात पाणी साठतं, श्वास लागतो. त्यामुळे घाटात गाडी बंद पडणं त्यांना परवडणारं नव्हतं. हे मला कळत होतं, टर्बोला कळत होतं. आणि रोज सकाळी आम्ही दोघं मिळून त्याच दिशेनं एकेक पाऊल टाकत होतो.

ताईंच्या लक्षात आलं. फोन केला भावाला.

"अरे, तेलाचा लाल दिवा लवकर विझत नाही. आधी किल्ली फिरवली की गुल व्हायचा. आता मी पट्टा बांधून होईपर्यंत जळतो."

"ताई, तू पट्टा भराभर बांधायला शिकलीस, दुसरं काही नाही."

"चेष्टा नको. शिट्टीसारखा आवाजही येतो."

"टर्बो आहे तो, शिट्टी वाजवणारच. ये घेऊन, बघतो."

त्या गेल्या. पण गॅरेजपर्यंत गाडी चालवत गेल्या ना! तिथे पोचेपर्यंत माझं पोट भरलेलं, टर्बो न्हाऊन निघालेला. मेकॅनिकनं कान लावला आणि मान हलवली. "लोण्यासारखं चाललंय." मी आत तडफडत होतो. दुखणाऱ्या दातानं नेमकं दवाखान्यातच दुखायचं थांबावं, तसली ही तऱ्हा.

मग शिट्टीचा सूर चिरका झाला. चढणीवर गाडी निळसर धूर सोडायला लागली. टर्बोचं बोलणंही बदललं. आधी ओरडायचा, आता नुसता घरघरायचा. त्याच्या दांड्याची झीज तेलातून माझ्याकडे यायला लागली, सुईच्या अग्राहून बारीक, चकचकीत. मी ती चुण्यांत धरून ठेवली. एक कणही पुढे जाऊ दिला नाही. एवढं एक काम मला येत होतं. पण प्रत्येक कण हाताशी आला की मी शहारायचो, कारण तो त्याच्या अंगाचा तुकडा होता.

एका खेपेला घाटाच्या मधल्या वळणावर गाडीचा जीवच गेला. इंजिन चालू, पण ओढ नाही. मागून ट्रकचा भोंगा. ताईंनी दुसरा गिअर टाकला, पहिला टाकला.  दाजी मागून हळूच म्हणाले, "बाई, घाई नको. मला कुठे दुसरी गाडी पकडायचीय?"  गाडी कशीबशी वर आली. वर आल्यावर त्यांनी ती कडेला घेतली आणि किल्ली फिरवून बंद केली.

पुढच्या खेपेच्या आदल्या संध्याकाळी त्या गाडी घेऊन गॅरेजमध्ये गेल्या आणि किल्ली भावाच्या हातात ठेवली.

"रात्रभर इथेच राहू दे. सकाळी आम्ही रिक्षानं येतो. थंड गाडी तू स्वतः सुरू कर."

"ताई, माझ्यावर विश्वास नाही का?"

"तुझ्या हातावर आहे. कानावर नाही."

सकाळी तिघंही जमले. मेकॅनिक जरा फुगलेलाच होता. म्हणाला, सुरू करण्याआधी तेल आणि फिल्टरच बदलून टाकतो, म्हणजे ताईच्या मनात किंतू नको. टर्बोचा असली फिल्टरही आता आला होता, खोकं टेबलावर होतं. तो गाडीखाली सरकला आणि त्यानं मला पिळून काढलं.

"बघा दाजी!" तो खालून म्हणाला. "आधीच्यानं बाही भिजवली होती. हा कसा शहाणा! एक थेंब सांडला नाही."

दाजी खुर्चीत बसले होते, पाय सुजलेले. "मेहुणे," ते म्हणाले, "रिकामी बस वेळेवर सुटली म्हणून कौतुक करताय का?"

ताई हसल्या. मेकॅनिक हसला नाही.

तो बाहेर सरकला. त्यानं मला उलटं केलं, झटकलं. काही नाही. टॉर्च आणून माझ्या भोकांत बघितलं. मग टेबलावरचं खोकं फोडून नव्या फिल्टरच्या भोकांत बघितलं. पुन्हा माझ्यात. 

"काय झालं?" ताईंनी विचारलं.

त्यानं आधी टर्बोचा हवेचा पाइप काढला आणि दोन बोटांनी आतल्या चाकाचा दांडा धरून हलवला. दांडा खुळखुळला. मग मला व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळून करवतीनं कापलं. दुखलं का, विचाराल तर आठवत नाही. त्यानं चुण्या उलगडून दाराच्या उन्हात धरल्या, आणि माझ्या आतलं सगळं चमकायला लागलं. फार सुंदर दिसत होतं. पण ते बघून त्याचा चेहरा पांढरा पडला.

"हे काय रे? चमचम कसली?" ताईंनी विचारलं.

"टर्बो आहे तो." तो म्हणाला. "रोज थोडाथोडा. मीच बसवला, ताई. तोंड जुळलं म्हणून बसवला. आत बघितलंच नाही."

ताईंनी घड्याळाकडे बघितलं. मग दाजींच्या पायांकडे.

"नवा फिल्टर लाव. आजचा दिवस निघेल ना? एवढी एक खेप."

इथे मी श्वास रोखला. खरं तर माझ्यापाशी श्वास नाही, पण दुसरा शब्द सापडत नाही. तो हो म्हणाला असता तर ताईंनी विश्वास ठेवला असता. नवा फिल्टर झीज भरून काढत नाही. टर्बो घाटात तुटला असता आणि मिस्त्रीनं म्हटलं असतं, मला वाटलं, एवढी खेप निघेल. तसं म्हणायची त्याला सोय होती. दांडा किती खुळखुळतो, हे त्याच्या दोन बोटांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि मला तर वाचा नव्हती.

"नाही," तो म्हणाला. "ही गाडी आज घाटात जाणार नाही. दाजी, उठा. माझी पिकअप काढतो. तिला टर्बोबिर्बो काही नाही, रांगत जाईल, पण जाईल."

"हमालीच्या गाडीत?" दाजी म्हणाले. "भाडं माणसाचं लावणार की मालाचं?"

"दाजी, उठा हो."

तिघं पुढच्या सीटवर दाटीवाटीनं बसले. शटर अर्धं ओढलं आणि पिकअप खडखडत गेली.

मग मी होतो आणि ती गाडी होती, बॉनेट उघडं, टर्बोच्या तोंडाशी बोळा कोंबलेला.  मी टर्बोची क्षमा मागितली नाही. मागायची होती. पण क्षमा मागणं म्हणजे त्यानं 'असू दे' म्हणावं अशी अपेक्षा करणं, आणि तेवढं ओझं त्याच्यावर टाकावं की नाही, हे मला ठरवता येईना. उन्हाचा पट्टा दारातून टेबलापर्यंत सरकला, मागे गेला. प्रत्येक गाडीच्या आवाजाला मी कान टवकारत होतो.

पिकअप आली तेव्हा आधी ताई उतरल्या. दाजी खिडकीला डोकं टेकून झोपले होते, तोंड उघडं, श्वास संथ. पोचले होते. धुऊन निघाले होते.

ताई सरळ टेबलापाशी आल्या. नवा फिल्टर उचलला, करंगळी त्याच्या भोकात घातली आणि आतलं रबर दाबून बघितलं. भाऊ बघत उभा राहिला. 

"मऊ आहे," त्या म्हणाल्या. "टर्बो नवा बसला की हा लाव. मी समोर असताना."

"बरं."

"आणि जेव. सकाळपासून काही खाल्लं नाहीस."

आता मी व्हाइसजवळच्या भंगाराच्या डब्यात आहे. टाकण्याआधी मेकॅनिकनं माझी झाकणी व्हाइसमध्ये चेपून टाकली. आटे मोडले, रिंग फाटली. रागानं केलं की विचारानं, सांगता येत नाही. पण त्याचे मी आभार मानतो. आता माझं तोंड कुणाशीच जुळणार नाही.

तुमच्याकडे मागणं एकच. आमच्यातला कुणी हातात घेतलात तर आधी विचारा, तो कुणासाठी जन्मला आणि कसा बसणार, उभा की आडवा. मग भोकातून आत बघा. नुसता बसला, गळला नाही, म्हणून त्याला शहाणा म्हणू नका. बसणं फार सोपं असतं हो. मीसुद्धा बसलो होतो.