मलाबी हाय म्हणे

हिंगोलीचा तो दिवस आठवला की शिलाला अजूनही आधी उसाच्या रसाची चव आठवते. खरं तर तो दवाखान्याचा दिवस. पण धाकटी बहीण शितल सोबत होती, आणि सेनगावपासून जीपमध्ये दोघी माहेरच्या गोष्टी काढून खिदळत गेल्या होत्या, उतरल्यावर रस प्यायल्या होत्या. नव्व्याण्णव साल असेल. तसं खिदळणं पुन्हा झालं नाही, याची शिलाला हुरहूर वाटते.

शिलाला तीनदा दिवस गेले होते आणि तिन्ही वेळा चौथ्या-पाचव्या महिन्यात पोट रिकामं झालं होतं. सासू भिकाबाईनं तिला घागरीला हात लावू दिला नाही, अंगारे लावले, तांड्यातल्या निम्म्या बायांच्या नजरेवर संशय घेतला. शेवटी शिलाच्या नवऱ्याला, देविदासला दुसरी बायको करायची आणि ती शितलच, असं म्हातारीनं ठरवून टाकलं. ओळखीची पोरगी, घरात भांडण नको. माहेर कबूल झालं. शिलाही झाली, कारण परकी सवत आली तर आपल्याला इथं कोण ठेवणार, ही धास्ती होती. शितल दहावीत होती. तिला कुणी विचारलंच नाही.

देविदास मात्र अडून बसला, आधी मोठ्या डॉक्टरला दाखवू. ऐन कापूस वेचणीत त्याला निघता येईना, म्हणून शिलासोबत शितल गेली.

डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या. म्हणाल्या, "यात तुमचा काही दोष नाही. पिशवीत जन्मापासूनच मधोमध पडदा आहे. गर्भ त्यावर रुजला की त्याला रक्त पुरत नाही, मग टिकत नाही. दुर्बिणीनं तो काढता येईल."

शिलाला रडूच फुटलं. दोष नाही, असं तिला आजवर कुणी म्हणालं नव्हतं. डोळे पुसत तिनं विचारलं, "माझ्या बहिणीलाबी असंल का?"

"असेलच असं मुळीच नाही."

संध्याकाळी भिकाबाई दारातच उभी. सगळं ऐकून म्हणाली, "आपरेशनाचा काय भरवसा? शितलला आणूच." मग एकदम थबकली. "तुमी एकाच मायच्या पोटच्या. तिलाबी हाय का पडदा?"

खरं सांगितलं तर शितलच सवत होऊन येणार आणि शिलाचं घर पक्कं होत होतं. तिनं शितलकडं पाहिलं.

"व्हय," शिला म्हणाली.

शितलनं डॉक्टरीणबाईंचं बोलणं शेजारी बसून ऐकलं होतं. तिनं मान खाली घातली. "मलाबी हाय म्हणे."

भिकाबाईनं कपाळावर हात मारून घेतला आणि दुसऱ्या तांड्यात पोरगी शोधायला लागली. तेवढ्यात देविदासनं शिलाचं आपरेशन करून घेतलं. म्हातारीला पोरगी पसंत पडायच्या आत शिलाला दिवस गेले, नऊ महिने भरले आणि लेक झाली. मग काय, आजी नातीला कडेवरून खाली ठेवीना.

पडद्याची बातमी मात्र तांड्यातांड्यांत पोचली होती. शितलला कुणी मागणीच घालीना. ती शिकत राहिली, नर्स झाली, चोविसाव्या वर्षी आपल्या पसंतीनं लग्न केलं.

दोन हजार नऊच्या दिवाळीत ती पहिलं लेकरू घेऊन बहिणीकडं आली. शिला म्हणाली, "माझ्यापायी तुझं नाव खराब झालं."

"तू मला पडदा न्हाई म्हणाली असती तर आले असते मी सवत होऊन," शितल म्हणाली. "तुला परकीच्या हाताखाली राहू द्यायचं नव्हतं."

"मग मलाबी हाय असं काहून म्हणालीस?"

"तुलाबी मी सवत म्हणून नको व्हते, हे कळलं ना." शितलनं लेकराला खांद्यावर घेतलं. "त्या दिवशी, बाई, कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले मी."