सगळे परत आले होते

वडील गेल्यापासून उज्ज्वल घरात असून नसल्यासारखा झाला होता. मार्चमध्ये नागपूरला त्यांना, भीमरावांना, हार्ट अटॅक आला, तेव्हा इकडे सिंगापूरला बुओना व्हिस्टाच्या लॅबमध्ये त्याच्या नव्या बॅटरीची चाचणी ऐन रंगात होती. तो पोचेपर्यंत अंत्यसंस्कार उरकले होते. परत आल्यावर तो रडला नाही की वडिलांबद्दल एक शब्द बोलला नाही. बिशानच्या फ्लॅटमध्ये संध्याकाळी दिवा न लावता बसून राहायचा. राणीने, त्याच्या बायकोने, आधी समजूत घालून पाहिली, मग भांडून पाहिलं, मग गप्प बसली.

जुलैत त्याने परस्पर सप्टेंबरमधल्या ग्रीनलंडच्या सफरीचं बुकिंग केलं. ऑफिसच्या एसीत स्वेटर घालणारा माणूस! राणीने कारण विचारलं तर म्हणाला, तिथे कुणीच राहत नाही, म्हणून.

जहाज लहानसंच होतं, दोन डोलकाठ्यांचं. बारा प्रवासी आणि पाच खलाशी. वारा असला की शिडं उभारायची, पडला की इंजिन सुरू करायचं. रोज एखाद्या खाडीत नांगर टाकून रबरी होडीने किनाऱ्यावर जायचं, डोंगर चढायचा आणि परत यायचं. किनारा म्हणजे नुसता काळा दगड आणि बर्फ. झाड औषधालाही नाही. जहाजाच्या शिडीशी एका फळीवर प्रत्येकाच्या नंबरचा बिल्ला टांगलेला असे. उतरताना तो लाल बाजूला फिरवायचा, परतल्यावर पांढऱ्या. शिवाय प्रत्येकाच्या गळ्यात एक शिट्टी. अस्वलांच्या भीतीने गाईड बाई बंदूक घेऊन पुढे चालायच्या.

पाचव्या दिवशी राणीचा गुडघा दुखत होता, म्हणून ती जहाजावरच थांबली. बाकीचे अकरा जण सकाळी गेले. त्या खाडीत फार पूर्वी कुणा शिकाऱ्याने बांधलेली लाकडी झोपडी होती, तिच्यामागून चढाची वाट होती. दुपारी धुकं उतरलं आणि डोंगर, झोपडी, किनारा सगळंच दिसेनासं झालं. चारच्या सुमाराला होडीचा आवाज आला, शिडीवर पावलं वाजली, तेव्हा राणीचा जीव भांड्यात पडला.

ती जेवणाच्या खोलीत बसली होती. बाकीचे ओले बूट काढत दाराशी हसतबोलत होते. उज्ज्वल सरळ आत आला आणि तिच्याशेजारी बाकावर बसला. त्याचं जॅकेट निथळत होतं. तिने त्याच्यापुढे सूप ठेवलं. त्याने वाटीभोवती हात धरले, पण घोट घेतला नाही.

"बाबांनी मंगळवारी फोन केला होता," तो हळूच म्हणाला. "म्हणाले, येऊन जा. मी म्हटलं, शुक्रवारी निघतो."

भीमराव गुरुवारी पहाटे गेले होते. राणीच्या डोळ्यांना धार लागली. सहा महिन्यांत वडिलांबद्दल हे पहिलंच बोलणं होतं. तिने त्याच्या हातावर हात ठेवला, तो दगडासारखा गार होता. कोरडे मोजे आणते म्हणून ती केबिनमध्ये गेली. परत आली तेव्हा बाकावर कुणी नव्हतं, आणि वर नांगराची साखळी खडखडत होती.

तो डेकवर असेल म्हणून ती वर गेली. तिथेही तो नव्हता. तेवढ्यात कठड्याशी उभा असलेला स्वयंपाकी म्हणाला, किनाऱ्यावर शिट्टी वाजतेय. कप्तानाने साखळी थांबवायला सांगितलं. मग सगळ्यांनाच ऐकू आली. लांब, एकसारखी, दम न घेता वाजणारी शिट्टी. कप्तानाने फळीकडे पाहिलं. बाराही बिल्ले पांढरे होते. धुकं जरासं फाटलं आणि दुर्बिणीतून झोपडीपाशी एक माणूस दिसला, केशरी जॅकेटमधला, लंगडत पाण्याकडे येणारा.

होडी गेली आणि उज्ज्वलला घेऊन आली. त्याचा घोटा सुजला होता, ओठ निळे पडले होते. वर येताच त्याने पहिला प्रश्न विचारला, तो इंग्रजीत, सगळ्यांना उद्देशून: तुमच्यातलं कुणी मागे राहिलंय का?

गाईड बाई खाली बसल्या. किनाऱ्यावर आपण स्वतः अकरा डोकी मोजली, याला होडीत चढताना हात दिला, असं त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. होडीत त्याच्या मांडीला मांडी लावून बसलेली एक वयस्कर बाई तर केबिनमध्ये गेली ती दुसऱ्या दिवशीच बाहेर आली. खलाशांनी जहाज तीनदा धुंडाळलं. बाकावर पाण्याचं थारोळं होतं आणि सूप भरलेलंच, वर साय धरलेलं. कप्तानाने वहीत मोजणीत चूक असं लिहिलं. उरलेले चार दिवस त्या बाकावर कुणी बसलं नाही.

तो काय बोलला, हे राणीने कुणालाच सांगितलं नाही. सिंगापूरला परतल्यावर तीन आठवडे तिने ते पोटात ठेवलं. उज्ज्वल घोट्याला पट्टी बांधून लॅबला जात होता, पूर्वीसारखाच गप्प. शेवटी एका रविवारी सकाळी, खाली हॉकर सेंटरला, तिथल्या खाऊगल्लीत, कॉफी पिताना, तिने सगळं सांगून टाकलं.

त्याने कप खाली ठेवला. "शुक्रवारी, असंच म्हणाला?"

"हो."

"तो फोन कुणाला माहीत नाही, राणी. आईलाही नाही."

मग तो बोलायला लागला. चढावर तो मुद्दामच मागे राहिला होता. पाय मुरगळल्यावर सरपटत झोपडीत जाऊन बसला. होडी गेल्याचं त्याने ऐकलं. नांगराची साखळीही ऐकली. त्याला कशाचंच काही वाटलं नाही. इथेच बसून राहावं, एवढंच वाटत होतं.

राणीने विचारलं, "मग शिट्टी का वाजवलीस?"

"मी नाही वाजवली. माझी जॅकेटच्या आत होती, चेन उघडायला बोटं चालत नव्हती. बाहेर कोणीतरी वाजवत होतं. थांबेचना. मला वाटलं, आपल्यातलंच कुणीतरी अडकलंय, म्हणून उठलो."

"आणि बाहेर?"

"कुणी नव्हतं. पाण्यापर्यंत गेलो तर आवाज माझ्या मागून यायला लागला, झोपडीतून. होडी टेकली तेव्हा बंद झाला."

शेजारच्या टेबलावरची भांडी उचलायला आलेल्या म्हाताऱ्या बाईंना त्याने आपला कप दिला. आणि तिथेच, त्या गर्दीत, तो वडिलांसाठी पहिल्यांदा रडला.

त्याच आठवड्यात तो नागपूरला गेला. आईला, मीराबाईंना, त्याने फोनची गोष्ट सांगितली. त्या एवढंच म्हणाल्या की, मलाही काही दिवस तिकडे घेऊन चल.

राणी त्यांना घ्यायला चांगी विमानतळावर गेली. काचेचं दार सरकलं आणि उज्ज्वल ट्रॉली ढकलत बाहेर आला, त्याच्या दंडाला धरून मीराबाई. त्याने हात वर केला. राणी जागची हलली नाही. त्यांच्यामागून एकेक माणूस बाहेर येत होता, ती प्रत्येकाचा चेहरा बघत राहिली. शेवटचा माणूस गेला, दार बंद झालं, तेव्हा कुठे ती पुढे होऊन सासूबाईंच्या पाया पडली.