राहून गेलेल्यांची रांग

नगरपालिकेत मला माझ्या नावानं कोणी हाक मारत नाही. सगळे भोंगा म्हणतात. प्रसिद्धी विभागात बावीस वर्षं काढली, त्यातली निम्मी भोंगा बांधलेल्या गाडीत बसून. पाणी कधी येणार नाही, कोणता रस्ता बंद आहे, कुत्र्यांना लस कुठे टोचून मिळेल, हे शहराला माझ्याच आवाजात कळतं. या आवाजाला वजन आहे असा माझा बरीच वर्षं समज होता. बायकोचं म्हणणं, वजन आहे ते पोटाला.

जनगणना जाहीर झाली तशी साहेबांनी मला बोलावून घेतलं.

"गेल्या खेपेला आपल्याकडची पुष्कळ माणसं मोजायचीच राहिली," ते म्हणाले. "लोक दार उघडत नाहीत. उघडलं तर विचारतात, तुम्हाला कशाला हव्यात चौकशा? त्यांना पटवायचं काम तुमचं. या वेळी एकही माणूस सुटता कामा नये."

मी दोन दिवसांची रजा टाकून घोषवाक्य लिहायला बसलो. नगरपालिकेच्या कामासाठी स्वतःची रजा टाकणारा मी पहिलाच, हे मी पुढे महिनाभर भेटेल त्याला सांगत होतो. घोषवाक्य तयार झालं ते असं: 'घर मोजा, दार मोजा, आपला प्रत्येक माणूस मोजा!'

साहेबांनी ते दोनदा वाचलं. "यातला मोजा पायात घालायचा वाटत नाही ना कोणाला?"

"छे छे, साहेब! लोक सुज्ञ आहेत."

लोक सुज्ञ होतेच. फलक लागले त्याच्या तिसऱ्या दिवशी बाजारातल्या फलकावर कोणीतरी एक खराखुरा मोजा टाचणीनं लावून ठेवला. चांगला नवा, करड्या रंगाचा. दुसरा मिळाला असता तर मी घरी नेला असता.

पण मी काही मागे हटणारा नव्हतो. शुभारंभाला फोटो हवा, फोटोला आदर्श कुटुंब हवं, आणि शहरात माझ्यापेक्षा आदर्श कुटुंब कुठलं असणार? पहिल्या दिवशी पहिलं घर माझं लिहायचं, असं मीच साहेबांच्या गळी उतरवलं. आमच्या भागाच्या प्रगणक, म्हणजे घरोघर फिरून माणसं लिहून घेणाऱ्या, शाळेत गणित शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्या आल्या, साहेब आले, फोटोवाला आला. बायकोनं पडदे धुतले होते. दोन्ही मुलींना मी हसत बसायला सांगितलं होतं. त्या हसत होत्या, पण माझ्याकडे बघून.

"घरात एकूण किती जण?" बाईंनी विचारलं.

"चार!" मी भोंग्यात बोलावं तसा बोललो. फोटोवाल्यानं नेमकं तेव्हाच बटण दाबलं. त्या फोटोत माझी चार बोटं वर आहेत आणि तोंड वासलेलं आहे.

आता आईबद्दल सांगायला हवं. आई एक महिना माझ्याकडे असते आणि एक महिना दादाकडे. दादा माझा थोरला भाऊ. त्याचं पंप दुरुस्तीचं दुकान आहे, आणि घर माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. वडील गेल्यापासून नऊ वर्षं हे असंच चाललं होतं. आम्हा दोघांना वाटायचं, किती छान व्यवस्था आहे, कोणाची तक्रार नाही. तक्रार आम्ही कधी आईला विचारली नव्हती, म्हणून नव्हती.

शुभारंभाच्या दिवशी आई दादाकडे होती. म्हणजे दादाकडे लिहितील, असं मी धरून चाललो. बाई दादाकडे पोचल्या तो महिनाअखेर उजाडला होता. आई आतल्या खोलीत माझ्याकडे यायची पिशवी भरत होती. दादानं बाहेर सांगितलं, "आम्ही तिघं. आई धाकट्याकडे. तो नगरपालिकेतच आहे, त्यानं पहिल्याच दिवशी लिहिली असणार."

आईनं ते आतून ऐकलं. माझ्याकडे आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी, मी दाढी करत असताना, तिनं विचारलं, "मला लिहिलं का रे कुठे?"

"हो हो," मी गालावरचा फेस सांभाळत म्हणालो. "दादाकडे लिहिलं असेल की."

"असं?" ती म्हणाली आणि निघून गेली. त्या 'असं'मध्ये किती काय होतं, ते बावीस वर्षं आवाजाचं काम करणाऱ्या माणसाला ऐकू आलं नाही.

मुदत संपत आली. साहेबांनी ठरवलं की शेवटचे तीन दिवस कचेरीच्या दालनात एक टेबल मांडायचं. ज्यांची नोंद राहून गेली असेल त्यांनी स्वतः येऊन सांगावं. "कोणी येणार नाही, साहेब," मी छातीवर हात ठेवून म्हणालो. "माझ्या प्रचारातून कोण सुटणार?" तरीही आदल्या दिवशी मी गाडी घेऊन गल्लीगल्लीत फिरलो. आमच्या गल्लीत जरा जास्तच थांबलो. घरच्यांनाही आपलं काम दिसावं, एवढाच हेतू. खिडकीखाली गाडी उभी करून मी पाच मिनिटं ओरडलो, "तुमच्या घरातलं कोणी राहून गेलं आहे का? नीट आठवा! म्हातारी माणसं आठवा! संकोच करू नका!"

खिडकीत आई उभी होती. मी तिला हात केला. तिनं नाही केला.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता टेबल मांडलं. गणिताच्या बाई कागद घेऊन बसल्या. आणि खरंच रांग लागली, आठ-दहा माणसांची. एक रात्रपाळीवाला होता, दिवसा झोपतो म्हणून सुटलेला. एक बहिणी-बहिणींची जोडी होती, त्यांना वाटलं होतं दार वाजवणारा काहीतरी विकायला आलाय. मी चहाचा कप हातात घेऊन फोटोवाल्याला समजावत होतो की ही रांग म्हणजे माझ्या प्रचाराचं यश आहे. तेवढ्यात रांगेत सहाव्या नंबरला मला आई दिसली. हातात तीच पिशवी, जी ती दर महिन्याला भरते.

मला वाटलं, मी काहीतरी विसरलो घरी. मी लगबगीनं गेलो. "आई, चष्मा राहिला का माझा?"

"चष्मा नाही," आई म्हणाली. "मी राहिले."

ती हळू बोलली होती. पण दालनाला घुमण्याची सवय आहे. रात्रपाळीवाला वळून बघू लागला. माझ्या मागे उभ्या असलेल्या जन्म-मृत्यू विभागाच्या कारकुनाला ठसका लागला, आणि तो ठसका दुपारपर्यंत टिकला.

"आई, चल, मी आत बसवतो तुला. रांगेत कशाला?"

"का? रांगेतल्या लोकांनी काय घोडं मारलंय? माझा नंबर येईल तेव्हा येईल."

तिचा नंबर यायला वीस मिनिटं लागली. चहा हातात थंड झाला, पण कप कुठे ठेवावा हे मला सुचत नव्हतं.

बाईंनी नाव लिहिलं, वय विचारलं. "एकाहत्तर," आई म्हणाली.

"कोणाच्या कुटुंबात लिहू?"

मी म्हणालो, "माझ्या." आणि लगेच म्हणालो, "किंवा दादाच्या. म्हणजे, सध्या माझ्या."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. दादाच्या घरी त्यांनीच लिहून घेतलं होतं, माझ्याही घरी त्यांनीच. गणित त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी पेनाचं टोपण लावलं. त्यापेक्षा बोलल्या असत्या तर परवडलं असतं.

"बाई," आई म्हणाली, "एकटीचं कुटुंब लिहितात का?"

"लिहितात की. वेगळं राहणं आणि वेगळा स्वयंपाक असेल तर."

"मुदत कधीपर्यंत आहे?"

"परवा संध्याकाळी पाचपर्यंत."

"मग परवा सकाळी या. याच्या भावाच्या पंपाच्या दुकानामागे खोली आहे. तिथं या."

एवढं बोलून ती निघाली. मी दारापर्यंत मागे गेलो. "आई, असं काय करतेस? लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील? तुझ्या फलकावर काय लिहिलंय ते वाचतील," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरली.

त्या खोलीबद्दल मी विसरूनच गेलो होतो. आई तिथं तीस वर्षं शिवणकाम करायची. आमच्या शाळेचे कपडे, अर्ध्या गल्लीचे कपडे, सगळे त्या खोलीतून निघाले. वडील आजारी पडल्यावर काम थांबलं, आणि हळूहळू दादानं तिथं मेलेले पंप रचायला सुरुवात केली.

मी दादाला फोन केला. तो आधी माझ्यावर ओरडला, मग मी त्याच्यावर ओरडलो. माझा आवाज मोठा, पण चूक दोघांची सारखीच होती, त्यामुळे भांडण लवकर संपलं. मला वाटलं होतं, दोघांनी मिळून समजूत घातली की आई ऐकेल. आम्ही दुकानात पोचलो तर आई मागच्या दाराशी उभी होती, पदर खोचून.

दादानं सुरुवात केली. "आई, आमच्याकडे तुला काय कमी आहे?"

"काही नाही."

"मग माझ्याकडे?" मी म्हणालो.

"तुझ्याकडेही काही नाही. सुना चांगल्या आहेत, नाती गोड आहेत. पण नऊ वर्षं झाली, माझा दात घासायचा ब्रश कुठल्याच घरी राहत नाही रे. येताना आणते, जाताना नेते. विसरला तर लगेच कोणीतरी मागून घेऊन येतं." ती थोडं थांबली. "तुमचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण त्या दिवशी आतल्या खोलीत पिशवी भरताना ऐकलं, आणि वाटलं, मी कुठे असते ते मलाच माहीत नाही, तर ह्यांना कुठून असणार? आता पंप उचला."

आम्ही पंप उचलले. त्रेचाळीस होते. दादा प्रत्येक पंपाकडे बघून म्हणायचा, "हा चालू होईल अजून." मी म्हणायचो, "नऊ वर्षांत झाला नाही." अठ्ठाविसाव्या पंपाला माझी पाठ धरली. दादानं मला एका उलट्या बादलीवर बसवलं, आणि माझी बायको, वहिनी आणि माझ्या मुली यांनी उरलेले पंप ओढले. मी बादलीवरून सूचना देत होतो. कोणीही ऐकत नव्हतं.

पंपांच्या मागे शिवणयंत्र सापडलं. आईनं धूळ झटकली, तेल सोडलं, पाय लावला. दोनदा अडलं, मग चाललं. तिनं आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी मात्र पाहत होतो. आईचा चेहरा इतक्या जवळून, काम करताना, मी किती वर्षांत पाहिला नव्हता याचा हिशेब लागेना. मला एकदम रडू आलं. वहिनीला वाटलं पाठ फार दुखतेय. तिनं मलम आणून दिलं.

ठरल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी सकाळी गणिताच्या बाई आल्या. खोलीत एक पलंग, एक शेगडी, दोन पातेली आणि शिवणयंत्र. मी आणि दादा उंबऱ्याबाहेर उभे. आत जागा नव्हती, आणि बोलावलंही नव्हतं.

"कुटुंबप्रमुख?"

"मीच."

"एकूण माणसं?"

"एक."

"व्यवसाय? घरीच असता असं लिहू ना?"

"का? शिवते मी. कालच शेजारणीचा झगा आलाय." आईनं तो उचलून दाखवला. बाईंनी 'शिवणकाम' लिहिलं, आणि जाता जाता मुलीच्या गणवेशाची बाही सैल करून मिळेल का, तेही विचारून घेतलं.

पुढच्या महिन्यात नगरपालिकेच्या पत्रिकेत फोटो छापून आला: आई रांगेत सहावी, बाजूला कप धरून मी. खाली मजकूर होता, 'प्रसिद्धी विभागातील कर्मचाऱ्याच्या मातोश्रींनी रांगेत उभं राहून घालून दिला आदर्श.' साहेबांनी त्याच फोटोच्या जोरावर मला उत्कृष्ट कामाचं प्रशस्तिपत्रक दिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जन्म-मृत्यूवाल्या कारकुनानं जरा जास्तच वाजवल्या. "अरे, तुझा भोंगा सगळ्या शहराला ऐकू गेला," तो कानाशी येऊन म्हणाला, "फक्त गाडीतच ऐकू आला नाही." मी हसलो. दुसरं काय करणार?

संध्याकाळी ते प्रशस्तिपत्रक घेऊन मी आईच्या खोलीवर गेलो. तिच्यासमोर दोन गिऱ्हाइकं होती. "बस तिकडे," ती मान वर न करता म्हणाली. मी पलंगाच्या कडेला बसलो. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. मग तिनं एक पॅंट माझ्या अंगावर टाकली आणि लहान कात्री पुढे केली.

"नुसता बसलायस तर ही शिवण उसव. फक्त डावा पाय. उजव्याला हात लावू नकोस."

मी चष्मा पुसला आणि मन लावून, एकेक टाका सोडवत, उजवा पाय अख्खा उसवून ठेवला.