तिघांच्या मताची माळ

गल्लीत तिला सगळे गाठमावशी म्हणत. खरं नाव फार तर पोस्टमनला ठाऊक असेल. जपाची माळ ओवताना ती दर दोन मण्यांमध्ये एक गाठ मारायची, आणि ती गाठ अशी बसायची की पुढेमागे दोरा तुटलाच तर एखादाच मणी निसटावा, बाकीचे जागच्या जागी राहावेत.

टायरच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर तिच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत खिडकीला लागून टेबल, त्यावर मणी घरंगळू नयेत म्हणून जुन्या कांबळ्याचा तुकडा अंथरलेला. पलीकडच्या कोपऱ्यात तिची नणंद बसायची. मण्यांना भोकं पाडणं, वेडीवाकडी भोकं सरळ करणं हे नणंदेचं काम. दिवसभर ड्रिलच्या आवाजात बसून तिला थोडं कमी ऐकू यायचं. नको असलेलं तर मुळीच ऐकू यायचं नाही.

एका सोमवारी एक गृहस्थ धापा टाकत जिना चढून आले. विमा कंपनीत मोठे साहेब होते.

"आईसाठी जपाची माळ हवी. एक रुद्राक्ष, एक स्फटिक, एक रुद्राक्ष, एक स्फटिक. तिची नजर गेलीय, वाचन बंद पडलंय, म्हणून आता जप करायचा म्हणते."

"एकाआड एक नको," गाठमावशी म्हणाली. "स्फटिक म्हणजे दगड, रुद्राक्ष म्हणजे झाडाची बी. दोघं दिवसभर एकमेकांवर घासणार, आणि झिजणार ती बी. वर वजन होईल ते वेगळंच."

"आमच्या गुरुजींनी तसंच सांगितलंय."

"गुरुजी ओवतात का?"

साहेबांना हे आवडलं नाही. गाठमावशीने दोन दिवस मान मोडून माळ केली. स्फटिकाच्या भोकांच्या कडा कातरीसारख्या धारदार असतात, त्या नणंदेने एकेक करून घासून दिल्या.

माळ न्यायला आली ती साहेबांची धाकटी बहीण, दातांची डॉक्टर. तिने माळ उचलली आणि लगेच खाली ठेवली.

"स्फटिक? हे दादाचं डोकं. आईचे हात आधीच गार पडतात. मोती घाला, मोती. मन शांत राहतं."

"ताई, रुद्राक्षाला काटे असतात. मोत्यांवर ओरखडे पडतील. आणि रुद्राक्षाला तेल लावावं लागतं, ते मोत्याला चालत नाही."

"मग बारीक मोती घाला."

बारीक मोत्यांना ओरखडे बारीक पडतात की काय, हे विचारायचं गाठमावशीच्या जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं. गाठी मारलेली माळ उसवता येत नाही, कापावीच लागते. तिने कातर घेतली. शंभराच्या वर गाठी एका मिनिटात कचऱ्यात गेल्या.

मोत्यांची माळ झाली, तिचा फोटो घरी गेला, आणि शनिवारी तिसरं भावंड उगवलं. हे शेंडेफळ. घरं सजवून द्यायचा त्याचा धंदा होता. खिशातून त्याने प्लास्टिकची पुडी काढली.

"पोवळी आणलीत मी. ऑनलाइन मागवली. आईच्या खोलीतले पडदे वीटकरी आहेत, त्यावर मोती मेलेले दिसतात."

"तुमच्या आईंना दिसत नाही ना?"

"येणाऱ्याजाणाऱ्याला तर दिसतं!"

नणंदेने न बोलता त्यातलं एक पोवळं ड्रिलखाली धरलं. खोलीभर जळक्या प्लास्टिकच्या बादलीचा वास सुटला.

"समुद्रात हल्ली बादल्या पिकतात वाटतं," नणंद म्हणाली. शेंडेफळाने ते मनावर घेतलं नाही. दुसरी पोवळी घ्या, खरी घ्या, पण लालच घ्या, असं बजावून तो फोनवर बोलत जिना उतरला.

तिसरी माळ झाली. त्या संध्याकाळी साहेबांचा फोन आला. स्फटिक का काढले? पाठोपाठ डॉक्टरीणबाईंचा, मोती कुठे गेले? मग पुन्हा साहेबांचा, आम्ही तिघांनी मिळून तोडगा काढलाय, सत्तावीस स्फटिक, सत्तावीस मोती, सत्तावीस पोवळी आणि रुद्राक्ष तेवढे उरलेले.

गाठमावशीने चौथ्यांदा दोरा घेतला. निम्म्यावर आली, आणि थांबली. काट्यांवर मोती, मोत्यांवर दगड. माळ हातात धरली तर कडबोळ्यासारखी वेडीवाकडी वळत होती. तिने स्वतःच्या हाताने ती कापली आणि सगळे मणी डब्यात भरले.

"वन्सं, मी जाऊन येते."

"कुठे?"

"ज्या बाईला जप करायचाय तिच्याकडे. आठ दिवस झाले, तिला कुणी विचारलेलंच नाही."

"आधी चहा घ्या. या तोंडाने गेलात तर म्हातारी घाबरेल."

म्हातारी घाबरणाऱ्यातली नव्हती. चाळीस वर्षं सरकारी दवाखान्यात वॉर्ड सांभाळलेली सिस्टर ती. ठेंगणी, गोल, केस आखूड कापलेले. दार उघडून तिने आवाजाच्या दिशेने मान तिरकी केली.

"माळेची बाई? कसली माळ? मला म्हणाले, सरप्राइज आहे."

गाठमावशीने कपाळावर हात मारला, आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. स्फटिक, मोती, वीटकरी पडदे, जळकी बादली. सिस्टर हसता हसता खोकायला लागल्या. तेवढ्यात फोन वाजला.

"हो, जेवले. हो, गोळी घेतली. नाही रे, कुणी नाही आलं." फोन खाली ठेवून त्या म्हणाल्या, "थोरला. आता मधली करेल."

मधलीने केला. मग धाकट्याने केला. एका चहात तीन फोन.

"हा माझा जप," सिस्टर म्हणाल्या. "बोटांवर मोजायला बसते. सदतीसपर्यंत जाते, की फोन. पुन्हा एकपासून. परवा पाच वेळा सुरू केला, एकदाही शंभरी गाठली नाही. देवाला वाटत असेल, हिला सदतीसच्या पुढचे आकडे येत नाहीत."

"मग उचलू नका फोन."

"नाही उचलला तर तिघं दारात उभे राहतात. मागे मी आंघोळीला गेले होते, तर धाकट्याने शेजाऱ्याला दार फोडायला सांगितलं."

गाठमावशीने डबा उघडला आणि एकेक मणी त्यांच्या हातावर ठेवला. सिस्टरांनी डोळे मिटले. मिटले नसते तरी चाललं असतं, पण मिटले. रुद्राक्षावरून अंगठा फिरवला, मग स्फटिकावरून.

"हे खरखरीत, हे गार गुळगुळीत. अंधारातसुद्धा कळेल की गं."

तेवढ्यावर गाठमावशीच्या डोक्यात माळ तयार झाली. "असं करू. सगळे रुद्राक्ष, बारीक, हलके. फक्त सत्ताविसावा, चौपन्नावा आणि एक्याऐंशीवा मणी दगडाचा. फोन आला तर बोटाला लागेल त्या दगडापाशी परत यायचं. थेट एकपर्यंत जायला नको."

सिस्टरांची दोन बोटं आपसूक स्वतःच्या मनगटावर गेली. "चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या नाड्या मोजल्या," त्या म्हणाल्या. "मध्ये कुणी बोललं की मी हातावर बोट दाबून ठेवायचे, आकडा सांडू नये म्हणून. तसंच हे."

"आणि दगड तीनच लागतात. तुमची मुलंही तीन. एक स्फटिक, एक मोती, एक पोवळं घातलं तर कुणाचं मन मोडणार नाही."

"नको बाई!" सिस्टर इतक्या जोरात म्हणाल्या की बशी वाजली. "जपाला बसल्यावर तरी ती तिघं मध्ये नकोत. दुसरं काय आहे डब्यात?"

डब्याच्या तळाशी अकीकाचे तीन पैलूदार मणी होते, मातकट रंगाचे, कुणी सहसा मागत नसे असे. सिस्टरांनी ते बोटांत फिरवले आणि तेच ठेवून घेतले.

शुक्रवारी माळ तयार झाली. तिन्ही भावंडं एकदम आली, आणि बोलायलाही एकदम लागली. हे काय, नुसते रुद्राक्ष? हा तपकिरी दगड कुणी सांगितला?

"तुमच्या आईंनी."

"आईला त्यातलं काय कळतं?" साहेब म्हणाले.

गाठमावशी उठून उभी राहिली. इतके दिवस गिळलेलं सगळं एकदम वर आलं.

"आईला नाही कळत, मग जप तुम्ही करणार आहात का? चार वेळा कातर लावली मी! रुद्राक्षाची भोकं सैल झाली, माझ्या बोटांची सालं निघाली. एकाला गुरुजी पाहिजेत, एकीला शांती पाहिजे, एकाला पडदे. त्या बाईला पाहिजे होती फक्त अर्धा तास शांतता, आणि तेवढीच तुम्ही तिघं तिला देत नाही!"

नणंदेने ड्रिल बंद केलं. तिला हे सगळं व्यवस्थित ऐकू आलं होतं.

डॉक्टरीणबाईंचा चेहरा पडला. "आम्ही काळजीपोटीच करतो फोन," ती हळूच म्हणाली.

"ते त्यांना माहीत आहे. म्हणून तर उचलतात."

शेंडेफळाने माळ हातात घेतली, डोळे मिटून मणी सरकवत गेला, आणि अकीक लागला तसा थबकला. "अरे, कळतंय," तो म्हणाला. साहेबांनी त्याच्या हातातून माळ घेऊन तेच केलं, मात्र डोळे मिटताना आधी इकडेतिकडे पाहून घेतलं. जिना उतरताना त्यांचं पुन्हा भांडण जुंपलं, दुपारी चार ते पाच फोन बंद ठेवायचा की साडेचारपर्यंतच.

शेवटी चार ते पाच ठरलं. दोन दिवस पाळलं, तिसऱ्या दिवशी धाकट्याने चार वाजून वीस मिनिटांनी फोन केला. पण सिस्टरांचा अंगठा दुसऱ्या अकीकावर होता. त्यांनी तो तसाच दाबून ठेवला, "जिवंत आहे" एवढं म्हणाल्या आणि पंचावन्नाव्या मण्यावर गेल्या. मध्ये फोन येऊनही पहिल्यांदा माळ पुरी झाली.

हे त्यांनीच येऊन सांगितलं, शेजारणीचा हात धरून दोन मजले चढून. बोलता बोलता त्यांनी टेबलावर चाचपून दोरा उचलला. "मला शिकव ही गाठ. बोटं अजून शाबूत आहेत."

आता दर गुरुवारी त्या येतात. गाठ सैल मारतात, चुकीच्या जागी मारतात, आणि चूक दाखवली तर "आमच्या वॉर्डात असं नव्हतं" म्हणून वाद घालतात. गाठमावशी वैतागून त्यांच्या हातातला दोरा ओढून घेते.

"अहो, किती वेळा सांगू? आधी सुई फिरवा, मग ओढा!"

"ओरडू नकोस गं," सिस्टर म्हणतात, आणि खूश होऊन पुन्हा चुकीची गाठ मारतात.