चुकायचं काम

काटा मधोमध आला, भोवतीची चौकट हिरवी झाली, आणि मग कल्पिताच्या ध्यानात आलं की आपण अजून तोंडही उघडलेलं नाही — कुकरची शिटी झाली होती. शिटी सुरात होती. ओट्यावर, तेलाच्या बरणीला टेकवून ठेवलेल्या फोनमध्ये काटा क्षणभर अगदी ऐटीत उभा राहिला आणि शिटी थांबल्यावर आडवा पडला. सूर बरोबर की चूक ते दाखवणारं अ‍ॅप. काल लेकीनं फोनमध्ये घालून दिलेलं. कल्पितानं पंखा बंद केला. सा लावला. काटा डावीकडे गेला, परत आला, उजवीकडे गेला, ओल्या भांड्यावर बसलेल्या माशीसारखा थरथरत राहिला — मग वरच्या मजल्यावर ड्रिल सुरू झालं आणि काट्यानं तेही मोजायला घेतलं. तिनं फोन पालथा घातला.

"आई, हिरवं आलं का गं?" समीक्षा आतून.

"आलं."

"मग झालं की. उगाच टेन्शन घेतेस."

आलं ना. कुकरचं आलं.

रविवार होता. साडेचारला डोंबिवलीच्या नाट्यगृहात 'गळा मोकळा'चा प्रयोग, आणि प्रयोग संपायच्या आत कमलेशला उत्तर द्यायचं होतं. शुक्रवारी त्याचा फोन आलेला. कार्यक्रम त्याचाच, वादक त्याचे, गायक सुदेश नि गायिका योगिनी त्याचे, तिकिटं त्याची. "ताई, योगिनी सोडतेय. पुढच्या महिन्यात ठाण्याच्या शोला तू स्टेजवर ये. माइक तुझा, नाव पोस्टरवर. फक्त एक कर, तुझा खरा आवाज घेऊन ये. तो दुसरा नको."

अठरा वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली ते वाक्य भाजीवाल्यासमोर उभं असताना आलं, आणि कल्पिता म्हणाली, "रविवारी सांगते." भाजीवाल्यानं विचारलं, दुधी कापून बघू का. ती म्हणाली, रविवारी सांगते.

खरा आवाज. जसं काही घरात दोन पिशव्या टांगलेल्या आहेत, बाजाराची वेगळी नि लग्नाची वेगळी, आणि योग्य ती उचलायची…

दोन वर्षांपूर्वी, पहिल्याच प्रयोगाला, तिला एवढंच सांगितलेलं की तू एफ रांगेत चौदा नंबरला बस, साधी साडी नेस, आणि सुदेशनं माइक लोकांकडे वळवला की पहिली सुरू हो. लोक आपोआप येतील मागून. सुदेशनं माइक वळवला. ती सुरू झाली. चौदा वर्षं सरोजताईंकडे घासलेला गळा होता, अंधारात का होईना, नाट्यगृहात पहिल्यांदा सुटला — आणि हॉल गप्प झाला. पुढच्या रांगेतली डोकी मागे वळली. कुणीतरी फोनचा दिवा तिच्या तोंडावर धरला. सुदेश स्टेजवर माइक पुढे करून बसला होता, देवळाबाहेर हात पसरावा तसा, चेहऱ्यावर हसू चिकटवून. कुणी ओळ धरली नाही. शेवटी टाळ्या पडल्या. मध्यंतरात कमलेश चहाचा कागदी कप चुरगाळत आला. "ताई, तू गायलीस. मी तुला गायला बोललेलो का? मी चुकायला बोललेलो."

आणि मग शिकवलं त्यानं. अर्धी मात्रा उशिरा ये. सूर थोडा खाली ठेव, फार नाही, कळेल न कळेल असा. ओळीच्या मधेच श्वास घे. एखादा शब्द विसर आणि हस. "माणूस लाजतो ताई. शेजारचा आपल्यापेक्षा वाईट गातोय हे कळलं की मगच तोंड उघडतो."

हरामखोर, पण खरं बोललेला. दुसऱ्या प्रयोगाला ती चुकली आणि नऊशे माणसं गायली. बँकेतून रिटायर झालेले, पार्किंगवरून सोसायटीत भांडणारे, बायकोच्या वाढदिवसालाही ओठ न हलवणारे, सगळे गायले. या लोकांना लहानपणीच कुणीतरी सांगून ठेवलेलं असतं की तू गाऊ नकोस, तू टाळ्या वाजव. शाळेत बाई सांगतात. घरात काका सांगतात. मग हा जन्मभर आंघोळीला गेला की नळ मोठा सोडून गातो. आणि एवढ्या लाजेचं कुलूप उघडायला कल्पितानं आपला सूर वाकवून किल्ली केली, एकदा, दहादा, महिन्यातून चार रविवार. वाकवलेली तार सरळ होते का परत? तिला ठाऊक नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं की दिवाळीपासून घरी तानपुरा लावून बसलं की सा लागल्यासारखा वाटतो, आणि 'वाटतो' हा शब्द पूर्वी तिच्याकडे नव्हता. पूर्वी लागायचा किंवा लागायचा नाही.

विचारायचं तरी कुणाला. गुरुवारी सरोजताईंकडे जाऊन आली. ताई ब्याऐंशीच्या, कानात यंत्र. तिनं भूप म्हटला, डोळे मिटून, सगळा जीव गोळा करून. ताईंनी ऐकलं, मांडीवर ताल धरला आणि म्हणाल्या, "छान." चौदा वर्षांत या बाईनं एकदाही छान म्हटलं नव्हतं. फार तर 'पुढे' म्हणायची. कल्पिता जिना उतरली ती हाच हिशेब घालत, ताईंना ऐकू आलं नाही की कीव आली.

दुपारी दोनला निघाली. शीळ रोड मेट्रोच्या खांबांपायी तुंबलेला, रिक्षा मानपाड्याच्या नाक्यावर अर्धा तास एकाच जागी, आणि कंपन्यांचा तो आंबूस वास घशात उतरत होता; तिनं पदर नाकाशी धरला. डावीकडे, टाइल्सच्या शोरूमच्या मागे, माहेर होतं. म्हणजे जमीन होती, आता भावांची चार मजली बिल्डिंग. याच गावची धवलारीण तिची आई, गोदा. आगरी लग्नात मांडवापासून हळदीपर्यंत धवलारीण धवले गाते, आणि एकटी गात नाही. तिनं ओळ टाकायची, मागे बसलेल्या बायकांनी ती धरायची, धरली गेली की पुढची टाकायची. आईचा आवाज… मिठाची ओली गोण जमिनीवरून फरफटत न्यावी तसा. पण तिनं तोंड उघडलं की लेकुरवाळ्या, म्हाताऱ्या, कालच सासरी आलेल्या, सगळ्या मागून येत. गोदाय हाय त धीर हाय, म्हणायच्या.

कल्पिता बाराची असताना एका हळदीला आईचा घसा बसला. तिनं लेकीला पुढे ढकललं, तू टाक. कल्पितानं ओळ टाकली. लख्ख, तारेसारखी. आणि बायका थांबल्या. एकीनं गालावर हात ठेवला — काय गोर गला हाय पोरीचा, नुसती साकर. ओळ तशीच हवेत राहिली, मग खाली पडली. हळदीचं ताट घेऊन उभी असलेली नवऱ्याची मावशी बावरून इकडेतिकडे बघत होती, पुढे काय करायचं. घरी जाताना आई बांधावरून पुढे चालत होती, वळलीसुद्धा नाही.

"तुजा गाना एकलीचा हाय गो. मांगं कोनी धरला नाय."

मला ते सर्टिफिकेट वाटलं. बारा वर्षांच्या पोरीला दुसरं काय वाटणार? सगळे गप्प झाले म्हणजे मी मोठी. त्याच जोरावर सरोजताईंच्या क्लासला गेले, तिथे आधी जीभ सरळ केली गेली — पानी नव्हे, पाणी. गला नव्हे, गळा — मग सूर सरळ केला गेला. आईचा फोन आला की दाराबाहेर जाऊन बोलायचे. ताईंच्या घरात ती भाषा नको. आई गेली तेव्हा तिच्या दिवसांना बायकांनी तिच्या आठवणीसाठी, लग्नातलाच असला तरी, धवला धरायला बघितला, टाकायला कुणी नव्हतं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी डोळ्याला पदर लावला.

रिक्षा हलली.

घाटाखाली उतरताना — पुलालाच सगळे घाट म्हणतात इथे — तिनं ठरवलं. ठरवलं कसलं, ते आतून ठरूनच आलेलं होतं, नुसतं दार उघडलं. शेवटून दुसरं गाणं, ते जुनं भावगीत. त्याची दुसरी ओळ एकदम वर चढते आणि नेमकी तिथेच सुदेश माइक वळवतो, कारण तिथे त्याचा स्वतःचा गळा फाटतो. त्या ओळीला आज चुकायचं नाही. खरं गायचं, सगळं. हॉल गप्प झाला, डोकी वळली, तर सूर आहे. कमलेशचा प्रयोग फसला तर फसू दे, त्याला हो सांगायचं. आणि हॉलनं ओळ धरली तर…

पुढचं वाक्य तिनं पुरं केलं नाही. रिक्षावाल्याला म्हणाली, इथेच सोडा.

एफ चौदा. शेजारी, पंधरात, सत्तरीचे एक गृहस्थ. पांढरा शर्ट, खिशात चष्म्याचं घर, गुडघ्यावर घडी घातलेला रुमाल. "मी शिवराम. टिटवाळ्याहून आलोय. सुनेनं पास दिला, घरात नुसते बसता म्हणाली." मग थोडं वाकून, "आधीच सांगतो हां, मी गाणारा माणूस नाही."

"मीपण नाही," कल्पिता म्हणाली. हे वाक्य कामाचा भाग होता. आज ते जिभेला चिकटलं.

दिवे गेले. पडद्यावर शब्द उमटले. पहिल्या गाण्याला सुदेशनं माइक वळवला. ती अर्धी मात्रा उशिरा आली, सूर खाली ठेवला, एक शब्द खाल्ला, हसली. मागून दोन बायका, मग कोपऱ्यातून चौघं, मग सगळी डावी बाजू. घड्याळासारखं. दुसऱ्याला तसंच. तिसऱ्याला तिच्या ध्यानात आलं की चुकताना काही करावंच लागत नाहीये. पूर्वी सूर खाली ठेवायला हात लावावा लागायचा, जड वस्तू खाली ठेवताना लावतो तसा. आता तो खालीच होता. की तसं वाटतंय? की रिक्षातल्या वासानं घसा बसला? की एसीमुळे? शिवराम रुमालाची घडी मोडत होते, घालत होते, ओठ मिटलेले. तिनं साडीच्या आड पोटावर हात ठेवला, श्वास खालून येतोय का बघायला. येत होता. श्वासाला काय, तो कुणालाही येतो.

मध्यंतरात ती उठली नाही. कमलेश बाजूच्या दारातून डोकावला, भुवया उडवल्या: काय? तिनं बोटांनी खूण केली: नंतर.

आणि मग ते गाणं. पेटीचे सुरुवातीचे सूर आले, हॉलमध्ये ओळखीचा हुंकार उठला, सुदेशनं पहिली ओळ घेतली, दोनदा घेतली, तिसऱ्यांदा घेताना स्टेजच्या कडेपर्यंत आला. कल्पितानं डोळे मिटले. सा शोधला — पेटीचा, तबल्याचा, स्वतःचा — तिन्ही एकावर एक ठेवले, कडा जुळवल्या. माइक वळला.

तिनं ओळ टाकली.

वेळेवर टाकली, सबंध टाकली, शब्द न खाता, श्वास न तोडता. वर चढणाऱ्या त्या जागी गळा उघडला आणि बारा वर्षांच्या पोरीनं टाकली होती तशी लख्ख… निदान पहिली तीन अक्षरं. त्या तीन अक्षरांपुरता तिला स्वतःचा आवाज ऐकू आला. आता गप्प होतील. आता डोकी वळतील. चौथ्या अक्षराला डाव्या कानाशी एक जाड, घोगरा, पाऊण सूर खालचा आवाज फुटला. शिवराम. मग मागून बायका, मग बाल्कनी, मग अख्खा हॉल त्या ओळीवर चढला, नऊशे गळे, नऊशे सूर, आणि कल्पिता तोंड उघडं ठेवून गात होती, गात असणार, गळ्यातल्या शिरा ताणलेल्या कळत होत्या, पण तिला ती ऐकू येत नव्हती. तिनं आवाज वाढवला. हॉलनं वाढवला. तिनं कानावर हात ठेवला, आतून ऐकायला. आतही तेच होते.

चार वेळा वळला माइक. चारही वेळा त्यांनी धरलं.

शेवटचं गाणंही होऊन दिवे लागले तेव्हा लोक उभे होते आणि एकमेकांकडे बघून हसत होते. शिवराम रुमालानं डोळे पुसत होते. "आयुष्यात पहिल्यांदा," ते म्हणाले. "तुम्ही ती ओळ म्हटलीत ना, म्हणून मला धीर आला."

कल्पितानं पर्स उचलली. का? विचारावं त्यांना, खांद्याला धरून विचारावं — का धीर आला तुम्हाला? मी तुमच्याइतकीच बेसूर होते म्हणून? की… या माणसाला काय कळणार. याला कळलं असतं तर हा सत्तर वर्षं गप्प बसला नसता. आणि आईच्या मागच्या त्या बायका, त्यांना कधी कुणी विचारलं की गोदायच्या आवाजात असं काय आहे ज्यानं तुम्हाला धीर येतो? आईचा सूर लागायचा का? मी कधी ऐकलाच नाही. मी नुसती खरखर ऐकली.

"तुम्ही शिकलायत कुठे?" शिवराम विचारत होते.

"मानपाड्याला," ती म्हणाली. सरोजताईंचं नाव तोंडात आलंच नाही.

पर्समध्ये फोन थरथरला. कमलेश. *कडक झालं ताई आज. सांग ना, येतेस?* खाली तीन ठिपके उमटत होते, विझत होते. तो अजून काहीतरी लिहीत होता. तिनं 'हो' टाइप केलं, पुसलं. 'नको' टाइप केलं, तेही पुसलं. फोन हातातच ठेवून ती जिन्याकडे निघाली.

जिन्यावर सगळे उतरत होते आणि उतरता उतरता तीच ओळ गुणगुणत होते, प्रत्येक जण आपापल्या पट्टीत, कुणाचं कुणाशी जुळत नव्हतं, आणि कुणाला त्याचं काही नव्हतं. या गोंगाटात स्वतःचा सा लावून बघायचा तिला मोह झाला; लागतो की लागत नाही, एकदाचं कळू दे. ओठ मिटून तिनं तो आत शोधला. आला नाही. आली ती हळदीची ओळ, आईची, गला आणि पानी असलेली, इतक्या वर्षांत न म्हटलेली, गळ्यात येऊन उभी राहिली आणि तिला आवरायच्या आत, हलक्या, कसल्याही सुरात, बाहेर पडली. पुढची बाई क्षणभर वळून बघून पुन्हा उतरू लागली. फोन हातात थरथरत होता. कल्पिता थांबली नाही, पण तिची चाल मंदावली. एकेक पायरी, कठड्याला हात लावून, मागून कुणी धरतंय का ते ऐकत.