सरावाच्या पडद्यावरची मागणी

या, असे जवळ सरकून बसा. मागच्यांनो, भिंतीचा टेका सोडा. आज सांगायचं आहे ते हळू आवाजातलं आहे.

एका इस्पितळाच्या खरेदी विभागात एक कारकून होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. उभी हयात मागण्या नोंदवण्यात गेली, पण मागणी पाठवली म्हणजे काम झालं असं त्यांनी कधी मानलं नाही. पुरवठादाराला फोन लावून विचारायचे, माल निघाला का? उत्तर कानावर पडेपर्यंत त्यांना चहा गोड लागत नसे.

मग सगळी खरेदी संगणकावर गेली. वयस्क मंडळींना प्रशिक्षण, मग परीक्षा, आणि जमलं नाही तर वेळेआधी निवृत्ती, असं साहेबांनी हसत हसत सांगून टाकलं. अण्णांच्या बायकोचं डायलिसिस याच इस्पितळात फुकट चालायचं, कर्मचाऱ्याची बायको म्हणून. नोकरी गेली की तेही गेलं.

शिकवणारी पोरगी मायाळू होती. भांडारवाला मात्र म्हणायचा, अण्णा माउस असा धरतात, जणू सोडला तर उडून जाईल. अण्णाही हसायचे आणि घरी ताटाशेजारी बोटं नाचवायचे.

"अहो, जेवण निवतंय," बायको म्हणायची. "कुणाला पत्र लिहिताय?"

पोरीने दोन पडदे दाखवले होते, एक सरावाचा, एक खरा. दोन्ही जुळे, सरावाच्या माथ्यावर फक्त एक पिवळी रेघ. अण्णांना ती नक्षी वाटली.

"आणि काका, ती फोनची सवय सोडा," ती म्हणाली. "हिरवी खूण आली की काम झालं. पडद्यावर विश्वास ठेवायला शिका."

अण्णा शिकले. एका सकाळी डायलिसिसच्या नळ्यांची मागणी त्यांनी कुणालाही न विचारता भरली. हिरवी खूण आली. अण्णांनी पडद्याला हात जोडले. हात फोनकडे गेला होता. तो त्यांनी निग्रहाने मागे घेतला.

वर पिवळी रेघ होती.

माल येणार कुठून? भांडार रिकामं झालं. वॉर्डात नळ्यांचा एकच संच उरला आणि बाहेर दोघी बसलेल्या. एक अण्णांची बायको. दुसरी तिच्या शेजारच्या खुर्चीवरची बाई. ही लवकर येऊन अण्णांच्या बायकोसाठी खिडकीजवळची जागा पिशवी ठेवून धरायची, कारण तिला आत कोंडल्यासारखं व्हायचं. वॉर्डातल्या तंत्रज्ञाने आपल्या माणसाचं बघितलं, संच अण्णांच्या बायकोला लावला. दुसरीला दुसऱ्या गावच्या इस्पितळात धाडलं. ती वाटेतच गेली.

अण्णा साहेबांपुढे उभे राहिले आणि सगळं सांगून मोकळे झाले. साहेबांनी संगणकात पाहिलं. सरावाचा पडदा रोज पुसला जायचा.

"मागणीच दिसत नाही, अण्णा. मग चूक तरी कुठली? परीक्षा उद्यावर आलीय, तिच्याकडे बघा."

अण्णा पास झाले. खुर्ची टिकली, उपचारही टिकले. घरी त्यांनी बायकोला खरं सांगितलं. पुढच्या डायलिसिसला तिने आपली पिशवी खिडकीच्या खुर्चीवर ठेवली आणि स्वतः आत, भिंतीकडे बसली. अण्णा दारातच थांबले.

आता उठाल, घरी जाल, देवापुढे दिवा लावाल. तेव्हा एवढं करा, बाबांनो. अण्णांसाठी नाही, जागा धरून ठेवणाऱ्या त्या बाईसाठी घटकाभर हात जोडा. तिची आठवण असू द्या.